शून्य मिनिटांची फाईल

माझ्याकडे एक फाईल नऊ वर्षं पडून होती. लांबी ००:००, आकार ६५ कोटी बाइट.

रिकामं पोतं इतकं जड कसं, हा प्रश्न कुणालाही पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. मला पडला नाही. फाईल वाजत नव्हती आणि मी रडून मोकळी झाले होते. रडून झालं की माणूस गुणाकार-भागाकार करायला बसत नाही.

२०१४ ची दिवाळी. मुळशी खोऱ्यातलं आमचं गाव, पहाटेचे पावणेपाच. पडवीच्या कोपऱ्यात उपडं पडलेलं जातं चुलतभावांनी आदल्या रात्री धुऊनपुसून माजघरात आणून ठेवलं होतं. गावात गिरणी आल्यापासून ते कुणी फिरवलं नव्हतं. आजी आणि आत्या समोरासमोर बसल्या, दोघींनी एकच खुंटा धरला. मी मित्राकडून उसना आणलेला रेकॉर्डर पाटावर ठेवला. आजीने त्याच्याकडे संशयाने पाहिलं.

“ह्यो काय खातो?”

“सेल खातो, आजी. दोन पेन्सिल सेल.”

“मंग खाऊ घाल नीट. मधीच उपाशी नको पडाया.”

तो मधेच उपाशी पडला. चूक माझीच. नवे सेल पुण्यातच राहिले होते आणि मी भिंतीवरच्या टॉर्चमधले काढून घातले होते. आजी गात होती, मी डोळे मिटून ऐकत होते. डोळे उघडले तेव्हा रेकॉर्डरचा पडदा काळा झालेला. “झालं का?” तिने विचारलं. मी “हो” म्हटलं. तिला परत पहिल्यापासून म्हणायला लावायचं माझ्या जिवावर आलं. पुन्हा कधीतरी करू, असं वाटलं. पुढच्या पावसाळ्यात आजी गेली.

कार्ड संगणकाला लावलं तर फाईल दिसली. वाजवायला गेले तर शून्य मिनिटं, शून्य सेकंद. दोन-तीन प्लेअरमध्ये लावून पाहिली, सगळीकडे तेच. तरीही ती पुसली नाही. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर, लॅपटॉप बदलला की नव्या लॅपटॉपवर अशी ती माझ्याबरोबर फिरत राहिली. गेलेल्या माणसाचा चष्मा कपाटात राहतो, तशी.

मधल्या वर्षांत मी ध्वनिसंपादन शिकले. आधी हौस म्हणून, मग पोटापाण्यासाठी. लोकांची पॉडकास्ट, बोलकी पुस्तकं, कीर्तनं साफ करून द्यायची. हत्यार मुख्यतः ऑडॅसिटी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं, २००० पासून जगाला फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. या धंद्यात आल्यावर एक गोष्ट कळली. लोक ज्याला ‘आवाज खराब झालाय’ म्हणतात, त्यात निम्म्या वेळा आवाजाला धाडही भरलेली नसते. पाटी चुकलेली असते.

पाटीचे प्रकार तर काय सांगावेत! एक पॉडकास्टवाले सद्‌गृहस्थ मला वेव्ह प्रकारची ध्वनिफाईल पाठवायचे, ती उघडायचीच नाही. शेवटी हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईलमधले बाइट कच्चे दाखवणाऱ्या साधनात, सुरुवात पाहिली. वेव्ह फाईलची पहिली चार अक्षरं आर-आय-एफ-एफ असतात. ओपस किंवा व्हॉर्बिस या ध्वनिप्रकारांची फाईल ‘ओजीजीएस’ म्हणत दार उघडते. फोनवरच्या एम४ए फायलीत पाचव्या बाइटापासून ‘एफटीवायपी’ दिसतं. यांच्या फायलीत तेच होतं. मी “वेव्हमध्ये द्या” म्हटलं होतं, म्हणून त्यांनी नावाच्या शेवटचं एम४ए पुसून वेव्ह लिहिलं होतं. मी फोनवर समजावत होते की हॉटेलाची पाटी बदलून उडप्याचा इराणी होत नाही. ते म्हणाले, “पण मॅडम, आयकॉन तर बदलला!”

हसायचा हक्क मला नाही. नवी नवी शिकत असताना मी स्वतः एका नाटकाच्या तालमीचं सगळं काम पेन ड्राइव्हवर घालून नेलं होतं आणि तिथे उघडल्यावर ट्रॅकच्या जागी सगळी शांतता. तेव्हा ऑडॅसिटीचा प्रकल्प म्हणजे एयूपी नावाची एक चिमुकली फाईल आणि शेजारी ‘डेटा’ शेपूट असलेला एक फोल्डर असायचा. आवाजाचे शेकडो तुकडे त्या फोल्डरात. छोट्या फाईलीत कुठला तुकडा कुठे जोडायचा एवढीच यादी. मी फक्त यादी नेली होती. वरात निघाली, नवरदेव घरीच. असं पुष्कळांचं झालं असावं. मार्च २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून सगळा प्रकल्प एकाच फाईलीत, एका छोट्या डेटाबेसच्या रूपात बसतो. त्या दिवशी मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

तर २०२३ मध्ये जुनी डिस्क कटकट आवाज करायला लागली. मी तिच्यावरचं सगळं नव्या डिस्कवर काढत होते आणि आकारानुसार लावलेल्या यादीत ती फाईल अगदी वर आली. ००:००, ६५ कोटी बाइट. या वेळी मात्र धंद्याच्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं गेलं आणि अंगावर काटा आला. हे वजन कशाचं आहे?

माझी फाईल वेव्ह होती. वेव्ह हा प्रकार मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ मध्ये आणला. त्याची मांडणी किराणा दुकानासारखी साधी. आत आकड्यांच्या गोण्या रचलेल्या, दारात एक चिठ्ठी. आवाज म्हणजे हवेच्या दाबाची ठराविक अंतराने घेतलेली मापं, एवढंच. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं की एका सेकंदात मापं किती, एक माप किती बाइटांचं, वाहिन्या एक की दोन, आणि शेवटी एकूण माल किती. ही शेवटची बेरीज रेकॉर्डिंग चालू असताना लिहिता येत नाही, कारण माल अजून येतोय. म्हणून रेकॉर्डर चिठ्ठीची जागा मोकळी सोडतो आणि तुम्ही ‘थांब’ दाबलंत की मागे जाऊन भरतो. आमच्या दुकानदाराला रात्री हिशेब लिहायच्या आधीच वीज गेली होती. गोण्या जागच्या जागी होत्या. बाहेरून येणारा प्रत्येक प्लेअर कोरी चिठ्ठी वाचायचा आणि ‘दुकान रिकामं आहे’ म्हणून परत जायचा.

इथे माझं नशीब थोर म्हणायचं. त्या पहाटे मी फोनवर रेकॉर्ड केलं असतं आणि फोन असाच मेला असता, तर प्रकरण फार अवघड होतं. एम४ए फाईलीत आवाज दाबून, आवळून भरलेला असतो आणि कुठला तुकडा कुठे सुरू होतो, किती लांब आहे, याची अनुक्रमणिका बहुतेक फोन अगदी शेवटी लिहितात. ती नसली की उरतो तो नुसता लगदा. त्याच फोनवरची दुसरी शाबूत फाईल नमुन्याला घेऊन ती अनुक्रमणिका अंदाजाने बांधणारी साधनं आहेत, पण तिथे हमी कसलीच नाही. वेव्हमध्ये काहीच आवळलेलं नसतं. ती जागा खाते म्हणून लोक नाकं मुरडतात. खाऊ द्या.

हेक्स एडिटरमध्ये फाईल उघडली. पहिल्या ५१२ बाइटांत शून्यंच शून्यं. त्यानंतर एकदम गर्दी. ऑडॅसिटीत ‘इंपोर्ट’च्या खाली ‘रॉ डेटा’ म्हणून एक पर्याय असतो. तिथे सॉफ्टवेअर तुमच्या फाईलीला काहीच विचारत नाही, तुम्हाला विचारतं. माप किती बिटांचं? बाइटांचा क्रम कुठला? वाहिन्या किती? कितव्या बाइटापासून वाचू? सेकंदाला किती मापं? फाईल मुकी झाली म्हणून घरच्यांना विचारायला आलेल्या डॉक्टरसारखं.

मी आधी सगळ्यात रुळलेलं उत्तर दिलं, सीडीचं. १६ बिट, स्टिरिओ, ४४,१००. एक तास दीड मिनिटांची पट्टी उमटली, काठोकाठ काळीनिळी भरलेली. वाजवली आणि हेडफोन काढून फेकला. धबधबा. (या खटाटोपात कुणी पडणार असाल तर आधी आवाज अगदी कमी करा. पहिल्या चुकीच्या उत्तराला कानाचा पडदा द्यावा लागतो.)

मग आठवलं. मित्र हौशी, रेकॉर्डरवर सगळं चढं लावून ठेवायचा. २४ बिट असणार. एक माप दोन नाही, तीन बाइटांचं. तसं सांगितलं. पुन्हा धबधबा, जरा वेगळ्या सुराचा.

इथे मी अर्धा दिवस अडले. फाईल खरोखरच सडली असेल, इथपर्यंत मनाची तयारी झाली. चहा टाकला आणि तो उतू गेला तेव्हा ओट्यासमोर उभ्या उभ्या मला चौथीतला भागाकार सुचला. ५१२ भागिले ३, बाकी २. मी सुरुवातीच्या शून्यांपासून तीन-तीनचे घास घेत निघाले होते आणि शून्यांची रांग संपते तिथे दोन बाइट जास्त उरत होते. म्हणजे पुढचा प्रत्येक घास एका मापाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटापर्यंत. जोडाक्षर मधेच तोडून पुढच्या शब्दाला चिकटवावं आणि असंच अख्खं पुस्तक वाचावं, तसं. ‘कितव्या बाइटापासून’ या रकान्यात ५१२ लिहिलं.

पट्टी बदलली. काळ्या भिंतीच्या जागी डोंगररांग आली. चढ, उतार, मधे सपाटी. ध्वनिसंपादन करणाऱ्याला ऐकायच्या आधीच दिसतं, हे माणसाचं बोलणं आहे. मी वाजवलं.

जात्याची घरघर. बांगड्या. आणि आजी. पण आजी नव्हेच ती. ओवी संथ, जड, जवळजवळ पुरुषी. आमच्या आजोबांनी दळायला बसावं तसा आवाज. पहिल्या क्षणी, खरं सांगते, मला भीती वाटली. नऊ वर्षांत मी तिचा आवाज विसरले की काय? असाच होता का तो?

विसरले नव्हते. सेकंदाला मापं किती, हे उत्तर अजून चुकत होतं. ४४,१०० हा सीडीचा आकडा, व्हिडिओवाल्यांचा ४८,०००. मापं खरोखर ४८,००० नी घेतली असतील आणि मी ती ४४,१०० नी सोडत असेन, तर प्रत्येक सेकंद सुमारे नऊ टक्के लांबणार आणि सूर पेटीच्या दीड पट्टीच्या आसपास उतरणार. दुसरा कुणी असता तर कानाला बरं वाटेपर्यंत आकडा फिरवला असता. मला ते करवेना. माझ्या आठवणीवरून आजीचा आवाज दुरुस्त करायचा नव्हता. आठवण काय, तिला हवं तसं गाऊन दाखवते.

साक्षीदार हवा होता आणि तो माजघराच्या भिंतीवर होता. सेकंदाला एकदा टकटक करणारं साधं क्वार्ट्‌झ घड्याळ. जातं फिरत असताना ते ऐकू येत नाही, पण आजी जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी सोडायला थांबली की मागे ते असतं. पट्टी मोठी करून टकटकीचे बारीक काटे शोधले आणि पहिल्यापासून अकराव्यापर्यंतचं अंतर मोजलं. दहा सेकंद भरायला हवे होते, भरले १०.८८. ४८,००० ला ४४,१०० नी भागून पाहा, १.०८८ येतं. दुसरा साक्षीदार ट्यूबलाइट. तिचा जुना चोक गुणगुणत होता. आपल्या विजेला सेकंदाला ५० आवर्तनं, चोक त्याच्या दुप्पट, म्हणजे जवळपास १०० हर्ट्‌झवर गुणगुणायला हवा. वर्णपटाच्या आलेखात त्याचा सुळका ९२ वर उभा होता. तोही तेवढाच घसरलेला. दोघांची जबानी जुळली.

आता इथे एक बारीक गोष्ट. ऑडॅसिटीत ४४,१०० चं ४८,००० करायच्या दोन वाटा आहेत आणि नवखा माणूस हमखास चुकीची धरतो. ‘रिसॅम्पल’ म्हटलंत तर ते सगळी मापं नव्याने काढतं. चुकीचा संथ आवाज जसाच्या तसा राखून, फक्त जास्त मापांत. मला ते नको होतं. मापं बरोबरच होती. ट्रॅकच्या मेन्यूत ‘रेट’ म्हणून आहे, ते फक्त पाटी बदलतं, आतल्या एकाही आकड्याला हात लावत नाही. त्या पॉडकास्टवाल्या गृहस्थांची मला तिथे आठवण झाली. पाटी बदलून काही होत नाही म्हणून मी त्यांना केवढं ऐकवलं होतं.

पाटी बदलली. ४१ मिनिटांची पट्टी ३७ मिनिटं ३७ सेकंदांवर आली आणि आजी परत आली. पातळ, किंचित अनुनासिक, ओळीच्या शेवटी श्वास पुरवून पुरवून वापरणारी.

तिचा दुसरा एक आवाज माझ्याकडे आधीपासून होता. २००९ मध्ये साध्या फोनवर घेतलेली दीड मिनिटाची एएमआर फाईल. तिला उघडण्यासाठी ऑडॅसिटीला एफएफएमपेग हे वेगळं सॉफ्टवेअर जोडून द्यावं लागतं, तेवढं केलं की विनातक्रार उघडते. पण एएमआर दूरध्वनीवरच्या संभाषणासाठी घडवलेला प्रकार. सेकंदाला फक्त ८,००० मापं, त्यामुळे ४,००० हर्ट्‌झच्या वरचं काहीही त्यात राहूच शकत नाही. आणि मराठीतलं किती काय त्याच्या वर राहतं! स आणि श यांच्यातला फरक तिथे. चाकातला च आणि चारातला च, जात्यातला ज आणि जिवातला ज, यांना वेगळं करणारी जिभेची सळसळही बरीचशी तिथेच. एएमआरमधली आजी सगळं एकाच ज ने बोलते, शहरात वाढलेल्या नातवंडासारखं. मी नऊ वर्षं तोच तिचा आवाज समजत होते. २४ बिटांत तिने पहिल्यांदा ‘जातं’ म्हटलं तेव्हा दातांमागून आलेला तो ज ऐकून मी फाईल थांबवली आणि उगाच स्वयंपाकघरात जाऊन आले.

मग नीट फाईल काढायची वेळ आली. निर्यात करताना एक खिडकी उघडते, कलाकार, शीर्षक, वर्ष, टीप. रोज मी ती एंटर मारून घालवते. या वेळी अडले. कलाकार कोण? आजीचं नाव आम्हाला माहीत होतं ते सासरचं, लग्नात तांदळावर लिहून बदललेलं. शीर्षक काय? ओव्यांत जो भाऊ येतो तो कुठला, ती तर एकटीच होती असं आम्ही ऐकत आलो. ज्या गावच्या घाटाचं नाव येतं तिथे आमचं कुणीच नाही.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह उभा केला, त्याचं मोल मला त्या खिडकीपुढे कळलं. १ लाखाहून जास्त ओव्या, हजारावर गावं, तीन हजारांवर बाया. बर्नार बेल या फ्रेंच संगणक अभियंत्याने त्याचा माहितीसाठा रचला, १९९० च्या दशकात गावोगाव ध्वनिमुद्रण झालं आणि २०१७ पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या ओव्या ऐकायला मिळतात. ओवीबरोबर ती कुणी गायली, गाव कुठलं, तालुका कुठला, हे तिथे लिहिलेलं असतं. हे सगळं त्यांनी बाया जिवंत असताना, समोर बसून विचारलं. मी घड्याळाला विचारत होते.

विचारण्यासारखी एक अजून होती. आत्या आता डोंबिवलीला लेकाकडे असते. मूळ फाईल तिच्या फोनवर जाणं शक्यच नव्हतं, म्हणून ओव्यांमधल्या रिकाम्या जागा काढून एमपी३ करून पाठवली. मूळ वेव्ह तशीच ठेवली, दोन डिस्कवर. एमपी३ वरून पुन्हा एमपी३ करत गेलं की झेरॉक्सच्या झेरॉक्ससारखं दर खेपेला काहीतरी पुसतं, म्हणून तिला बजावून ठेवलं, हीच फाईल पुढे पाठव, छाटून-बिटून नको. तिने “बरं” असं लिहिलं आणि दोन दिवस काहीच नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला. आजीला भाऊ होता. लहानपणीच, पटकीत गेला. तिचं माहेरचं नावही आत्याने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, ते त्या खिडकीत लिहिलंय. घाटाचं गाव म्हणजे आजीच्या आईचं माहेर. “हे तू आधी का नाही सांगितलंस?” मी विचारलं. “तू इचारलं कुठं?” आत्या म्हणाली. मग थोडा वेळ गप्प राहून, “त्ये शेवटाला तुटलंय बघ.”

तुटलंय. सेल संपले ते ओवीच्या मधोमध. पहिली ओळ पूर्ण, दुसरीचे तीन शब्द, चौथ्याचं पहिलं अक्षर आणि पट्टी कापल्यासारखी संपते. तिथे काही करता येत नाही. मापंच नाहीत.

त्या रात्री व्हॉट्‌सॲपवर आत्याची व्हॉइस नोट आली. ४० सेकंदांची. आधी घसा खाकरण्याचा आवाज, मागे कुणाच्या तरी टीव्हीवर बातम्या, मग “हं, घे,” आणि ती दुसरी ओळ. ज्या अक्षरावर आजी तुटते तिथून नव्हे, ओळीच्या सुरुवातीपासून. आत्या म्हणाली होती, अर्धी ओवी उचलत नसतात.

नोट ओपस होती. एफएफएमपेग बसवलेलंच होतं, म्हणून ओढून आजीच्या खालच्या ट्रॅकवर सोडली. ओपस उलगडतं ते ४८,००० नेच. दोन्ही पट्ट्यांवर तोच आकडा. काही बदलावं लागलं नाही.